तिकडे किती वाजले?

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. हे आधीच सांगून टाकते, कारण ऑस्ट्रेलियात मराठी माणूस भेटला की "मूळचे कुठले?" विचारतो, आणि इंदूर म्हटलं की जरा थांबून पुन्हा विचारतो, "नाही, पण मूळचे?" आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीसाठी कोकणातून आले आणि तिथलेच झाले. ज्या गावाहून आले तिथं आज आमचं कुणी नाही, चौथऱ्याचा दगडसुद्धा नाही. ॲडलेडला आल्यावर, ज्यांना ज्यांना हा प्रश्न दोनदा ऐकावा लागतो अशांची एक टोळी आपोआप जमली. बडोद्याचं जोडपं, बेळगावचे नवरा-बायको आणि त्यांची मुलगी, हैदराबादची एक नर्स, आणि आम्ही तिघं. नऊ माणसं, चार गावं, आणि महाराष्ट्रात एकाचंही घर नाही. एकमेकांना आम्ही गावाच्याच नावानं हाक मारतो. बडोदेकर, बेळगावकर, बेळगावची वहिनी. नर्सला नुसतं "हैदराबाद". ती वयानं सगळ्यांत लहान, म्हणून ते चालतं.

ही गोष्ट एप्रिल २०२१ ची.

ते दिवस सगळ्यांना आठवत असतील, पण इथली परिस्थिती थोडी वेगळी होती. ऑस्ट्रेलियानं मार्च २०२० मध्ये देशाची दारं लावून घेतली. बाहेरच्यांना आत यायला बंदी होतीच, पण इथल्या नागरिकांनाही बाहेर जायला बंदी. जायचं तर परवानगी काढा, कारण पटवा, परतीच्या विमानात जागा मिळवा, आल्यावर चौदा दिवस हॉटेलात कोंडून घ्या आणि त्याचे एकट्या माणसाला ३००० डॉलर भरा. राज्यांच्या सीमासुद्धा कधी उघडत, कधी रातोरात मिटत. त्यामुळे व्हायचं काय, की रोग जवळपास नव्हताच, मुलं शाळेत जात होती, आम्ही ऑफिसात जात होतो, दुकानाच्या दारावर क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं. पण आम्ही सगळे आत आणि आमची माणसं बाहेर. एका मोठ्या, स्वच्छ, हवेशीर खोलीत कुणी बाहेरून कडी घालावी तसं.

जानेवारीतच आम्ही ठरवलं होतं की एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत आउटबॅक बघायचं. देश सोडता येत नाही, राज्य सोडायची छाती होत नाही (बाहेर असताना सीमा बंद झाली तर नोकरीचं काय?), तर मग आपलंच राज्य बघू. साउथ ऑस्ट्रेलिया हे राज्य महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं आहे आणि आख्ख्या राज्याची वस्ती एकट्या इंदूर शहराहून कमी. त्यातलीही बहुतेक माणसं ॲडलेडमध्ये. बाकी जे उरतं ते आउटबॅक. लाल माती, झुडपं, आणि एका पेट्रोल पंपापासून दुसऱ्यापर्यंत दोनशे किलोमीटर.

दोन गाड्या, टपावर जादा टायर, पाण्याचे कॅन, गाड्या-गाड्यांत बोलायला रेडिओ. बडोदेकर हा माणूस तयारीचा. त्यानं एक सॅटेलाइट फोन भाड्यानं आणला. "मोबाईल मरीच्या पुढे चालणार नाही. हे बेस्ट. पण मिनिटावर पैसे आहेत, तेव्हा हवापाण्याच्या गप्पा नकोत."

१४ तारखेला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, इंदूरहून दादाचा फोन आला. काकूची टेस्ट पॉझिटिव्ह.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई नोकरी करायची, शाळेतून मी घरी यायची ती काकूकडे. माझी वेणी तिनं घातली, पाढे तिनं पाठ करून घेतले, पहिल्यांदा सराफ्यात रात्री नेऊन भुट्ट्याचा कीस तिनंच खाऊ घातला आणि घरी सांगू नको म्हणाली. मी ॲडलेडला आले तेव्हापासून दर रविवारी फोन. फोन उचलला की पहिलं वाक्य एकच, "तिकडे किती वाजले?" आमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे कधी पाच तासांचा फरक, कधी चार. हे तिला कधीच पटलं नाही. "सरकार घड्याळ फिरवतं म्हणजे काय? सूर्य ऐकतो का त्याचं?"

१६ तारखेला रात्री टोळी आमच्या घरी जमली. जायचं की नाही? इंदूरमध्ये बेड मिळत नव्हते, इंजेक्शनासाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते, आणि इथं आम्ही थेपले मोजत होतो. हैदराबाद म्हणाली, "ताई, काकूंचं ऑक्सिजन पंचाण्णव आहे, घरी आहेत, दादा बघतोय. तुम्ही ॲडलेडच्या सोफ्यावर बसून तेच करणार जे तिकडे करणार. फोनची वाट बघणार." मी दादाला विचारलं तर काकूनंच फोन ओढून घेतला. "जा न बाई. मुलाला सुट्टी आहे. इथं बसून कुणाचं भलं झालंय?"

गेलो. बरंच केलं असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

१७ ला सकाळी निघालो. ॲडलेडच्या उत्तरेला तीनेकशे किलोमीटर गेलं की गव्हाची शेतं विरळ होत जातात आणि पडकी दगडी घरं दिसायला लागतात. याची एक गोष्ट आहे. १८६५ मध्ये गॉयडर नावाच्या सरकारी सर्व्हेयरनं दुष्काळात घोड्यावरून फिरून नकाशावर एक रेघ मारली. या रेघेच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, शेती करू नका. पुढची काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि लोक म्हणाले, नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो. रेघ ओलांडून गेले, घरं बांधली, गावं आखली. मग नेहमीचा दुष्काळ परत आला. ती घरं अजून उभी आहेत, छप्पर गेलेली. बेळगावकर प्रत्येक भिंतीला हात लावून बघायचा. सिव्हिल इंजिनिअर आहे. "दगड बघ की कसला हाय. आमच्याकडं असलं बांधकाम आता कोण करतंय?"

फ्लिंडर्सच्या डोंगरांत दोन दिवस राहिलो. सुंदर आहेत, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, मी वर्णन करत नाही. तिथं संध्याकाळी एका उंच वळणावर मोबाईलची एक काडी यायची. रोज मी तिथं जाऊन उभी राहायची. ९४. दुसऱ्या दिवशी ९३. हैदराबाद आकडा ऐकून फक्त मान हलवायची आणि विषय बदलायची नाही. तिचं मला हे आवडतं.

२० ला लिंडहर्स्टला डांबरी रस्ता संपला. तिथं एक मोठा फलक आहे, पुढचे रस्ते एकेक करून लिहिलेले आणि समोर पट्टी, खुला की बंद. पाऊस पडला की मातीचा रस्ता बंद करतात. आमचा रस्ता खुला होता. बडोदेकर फलकासमोर उभा राहून म्हणाला, "हे बघा, किती सरळ काम आहे. पाऊस पडला, बंद. वाळला, खुला."

त्याच्या पुढे फरीना लागलं. १८७८ मध्ये वसवलेलं गाव. फरीना म्हणजे लॅटिनमध्ये पीठ. इथं गहू पिकेल आणि पीठ निघेल म्हणून हे नाव. पीक कधी आलंच नाही. आता पडक्या भिंती आणि एक कबरस्तान. त्या कबरस्तानात एका बाजूला काही कबरी वेगळ्या आहेत. बाकीच्यांशी काटकोनात नाहीत, समांतर नाहीत, तिरक्या. त्या मुसलमान उंटवाल्यांच्या, मक्केच्या दिशेचा अंदाज घेऊन खोदलेल्या.

त्या रात्री मुक्काम मरी गावात. Marathi माणसाला हे नाव कसं वाटेल तुम्हीच सांगा. बेळगावची वहिनी आठवडाभर म्हणत होती, "जगात साथ पसरल्या आणि आपण निघालोय कुठं, तर मरीला! मरीआईचा कोंबडा तरी घ्यायचा होता बरोबर." गाव म्हणजे एक दुमजली दगडी हॉटेल, काही घरं, आणि बंद पडलेल्या रेल्वेचं जुनं स्टेशन. १९८० पर्यंत इथून गाडी धावायची. तिचं नाव 'घान', अफगाण या शब्दाचं शेपूट. कारण रेल्वे येण्याआधी या वाळवंटात धान्य, लोकर, तारेचे खांब, पियानोसुद्धा, सगळं उंटावरून जायचं आणि ते उंट हाकणाऱ्यांना सगळे सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावरकडचे होते, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले. १८६६ च्या सुमाराला कराचीहून शंभरावर उंट आणि एकतीस माणसं जहाजातून पोर्ट ऑगस्टाला उतरली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हजारो उंट आले. मरीत रेल्वेच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. मातीच्या भिंतींची, गवती छपराची छोटी मशीद होती, तिची प्रतिकृती आज तिथं उभी आहे. मुलगा म्हणाला, "आई, हे तर आपल्याकडच्या गोठ्यासारखं दिसतं." खरंच दिसतं.

याच गावात बेजा दरवेश नावाचा बलुची माणूस राहिला. हिंदुस्थानी फौजेत नोकरी केलेला, १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत उंट घेऊन वाळवंट पार केलेला. म्हातारपणी त्यानं इथं खजुराची झाडं लावली. आणि यातली एक गोष्ट मला नंतर वाचनात आली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०१ च्या कायद्यानं गोऱ्यांशिवाय इतरांना ऑस्ट्रेलियात प्रवेश जवळपास बंद झाला. आधीपासून इथं राहणारा उंटवाला आईला, बायकोला भेटायला घरी जाऊन परत येऊ म्हणाला तर त्याला निघण्याआधी सूट मिळाल्याचा दाखला काढावा लागे. त्यावर समोरून आणि बाजूनं काढलेला फोटो आणि शाईत बुडवलेल्या पंजाचा ठसा. दाखला नसेल तर परतीचं दार बंद. असे दाखले आजही सरकारी दफ्तरात जपून ठेवलेले आहेत. फोटोतली माणसं सरळ कॅमेऱ्याकडे बघतात, चेहऱ्यावर काही नाही.

रात्री हॉटेलच्या ओट्यावर बसलो. तिथं मोबाईल चालत होता. ९२. दादा म्हणाला, बेड शोधतोय. मग आमच्या टोळीनं जे केलं ते सांगते. बडोदेकराचा मावसभाऊ इंदूरला विजयनगरात, त्याला लावलं. बेळगावकराचा कंपनीतला जुना दोस्त देवासला, त्याला उठवलं. हैदराबादनं कॉलेजातल्या दोन मैत्रिणी शोधल्या, दोघी मध्य प्रदेशात नर्स. रात्री एकपर्यंत चार माणसं चार फोनवर, मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती, दखनी, जी भाषा जिथं चालेल ती. माझा नवरा वहीत नंबर लिहीत होता आणि खोटे ठरलेले खोडत होता. शेवटी एका ठिकाणाहून होकार आला, उद्या दुपारी एक बेड रिकामा होईल. तो कसा रिकामा होणार हे कुणी विचारलं नाही.

२१ ला रामनवमी. सकाळी मोबाईलची शेवटची काडी गेली आणि आम्ही ऊडनाडाटा ट्रॅकला लागलो. हा रस्ता जुन्या रेल्वेच्या कडेनं जातो, रेल्वे तारेच्या कडेनं गेली होती, आणि तार झऱ्यांच्या कडेनं. म्हणजे खरा रस्ता पाण्यानं आखलेला. जमिनीखाली प्रचंड मोठा पाण्याचा साठा आहे. ते पाणी या पट्ट्यात जागोजाग वर येतं आणि क्षारांच्या छोट्या टेकड्या बनवतं. अरबाना लोकांना हे झरे हजारो वर्षं ठाऊक. बाकीचे सगळे त्यांच्या मागोमाग आले. वाटेत काटी थांडा, म्हणजे लेक एअरचं दक्षिण टोक दिसलं. समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेलं, क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. मुलं धावत गेली, आम्ही बघत उभे राहिलो. कुणाला काही बोलावंसं वाटलं नाही.

बाराच्या सुमाराला 'बबलर' नावाच्या झऱ्यापाशी पोचलो. टेकडीवर गोल कुंड, मध्ये वाळू खदखदते आणि बुडबुडा फुटतो. आजूबाजूला नजर जाईल तिथवर झाडाचं नाव नाही. बेळगावच्या वहिनीनं पिशवीतून डबा काढला. सुंठवडा! ॲडलेडहून करून आणला होता आणि चार दिवस कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बाराला बडोदेकरांच्या बायकोनं पाळणा म्हटला. तिचा आवाज साधाच आहे. वाऱ्यात अर्धा उडून गेला. मी इंदूरमध्ये किती रामनवम्या पाहिल्या असतील, पण अशी एकही नाही.

मग बडोदेकरानं काही न बोलता सॅटेलाइट फोनची काडी उघडली आणि माझ्या हातात दिला. आकाश मोकळं हवं म्हणून गाडीपासून लांब गेले. बारा बावन्न झाले होते. दादानं उचललं, म्हणाला, गाडी येतेय, निघतोच आहोत, नव्वदवर आलंय, थांब, ती मागतेय.

या फोनमध्ये आपलं बोलणं वर जाऊन खाली यायला क्षण लागतो, त्यामुळे दोघं एकदम बोलतात आणि एकदम थांबतात. तसंच झालं. मग तिचा आवाज आला, दम लागलेला.

"तिकडे किती वाजले?"

"एक वाजत आला, काकू."

थोडा वेळ गेला. मला वाटलं तुटला.

"म्हणजे तिकडे राम जन्मला." मग पुन्हा थांबून, "इथं अजून अवकाश आहे."

मी सुंठवडा खाल्ला म्हटलं, कुणी केला म्हटलं. ती "बेळगावचे लोक सुंठ जास्त घालतात" म्हणाली. मग दादानं फोन घेतला, गाडी आली होती.

त्या दिवशी मुक्काम कावर्ड स्प्रिंग्जला. जुन्या रेल्वेच्या काळात लावलेली खजुराची झाडं, गरम पाण्याचं लाकडी टाकं. मुलं त्यात डुंबत होती. संध्याकाळी दादाचा फोन लागला, भरती केलं, ऑक्सिजन लावला. आत कुणाला सोडत नाहीत.

२२ ला सकाळी निघालो. विल्यम क्रीकच्या अलीकडे रस्त्यापासून आत स्ट्रँगवेजची पडकी घरं आहेत. हे तारघर होतं. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत बत्तीसशे किलोमीटरांच्या आसपास तार ओढली, १८७२ मध्ये ती जोडली गेली. अंतर इतकं, की संदेश मध्येच क्षीण व्हायचा. म्हणून वाटेत अशी ठाणी आणि तिथं बसलेला माणूस मागून आलेला मजकूर ऐकून पुढे पुन्हा ठोकायचा. डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, तिथून मद्रास आणि मुंबईमार्गे लंडन. म्हणजे जिथं माझ्या मोबाईलला एक काडी मिळत नव्हती, त्या भिंतींच्या आत बसून कुणी एक तारमास्तर दीडशे वर्षांपूर्वी मुंबईकडे मजकूर पाठवत होता. मी तिथून दादाला सॅटेलाइट फोन लावून पाहिला. दोनदा. वाजत राहिला.

विल्यम क्रीक म्हणजे एक पब, एक धावपट्टी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. पबच्या छताला आणि भिंतींना येणारे-जाणारे लोक कार्डं, टोप्या, काय काय टांगून जातात. बेळगावकरानं खिशातून बेळगावच्या कुठल्याशा जुन्या मिठाईच्या दुकानाची पावती काढली आणि खोचली. का खिशात ठेवली होती विचारू नका. तिथून पुढे १६६ किलोमीटर धूळ, आणि संध्याकाळी कूबर पीडी.

ही ओपलच्या खाणींची जागा. १९१५ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला इथं ओपल सापडला आणि मग माणसं उकरतच राहिली. उन्हाळ्यात इतकं तापतं, की निम्मं गाव जमिनीखाली राहतं. टेकडीच्या पोटात खोल्या, चर्च, दुकानं. आमचं लॉजही तसंच. गावात शिरताच दोन्ही गाड्यांतले सगळे फोन एकदम वाजायला लागले. माझ्यावर दादाचे सात मिस्ड कॉल होते. आकडा बघूनच कळलं.

सकाळी गेली. आमच्या अकराच्या सुमाराला, म्हणजे आम्ही स्ट्रँगवेजच्या भिंती बघत होतो तेव्हा. दादा दवाखान्याच्या दारात होता. पुढचं सगळं महापालिकेच्या माणसांनी केलं, लांबून दाखवलं.

खोलीत, जमिनीखाली, फोन लागत नव्हता. बोलायचं तर वर दारात यायचं. मी दारातच बसून राहिले. वर येणारी-जाणारी लाल धूळ, समोर मातीचे ढिगारे, शेकडो, पांढरे. थोड्या वेळानं बडोदेकर आणि बेळगावकर यांच्यात हळू आवाजात वाद चाललेला ऐकू आला, लग्न झालेल्या पुतणीला सुतक किती. एक दिवस की नुसती अंघोळ. दोघांनी आपापल्या आईला फोन लावले. बडोद्याच्या आणि बेळगावच्या आयांचं एकमत होईना. मला हसू आलं, आणि मग रडूही आलं.

अंघोळ मात्र करायचीच. कूबर पीडीत पाणी महाग, जमिनीतलं खारं पाणी काढून गोडं करतात. शेजारच्या कॅम्पातलं न्हाणीघर नाणी टाकून चालायचं. माझा मुलगा सगळ्यांकडे फिरून वीस-वीस सेंटची नाणी गोळा करून आला, मूठभर. "आई, एवढ्यात डोक्यावरून होईल." चौदा वर्षांचा होता तेव्हा. मी आत होते तोवर तो बाहेर उभा होता, वेळ संपत आली की दारावर टकटक करून नाणं खालून सरकवायचा.

बाहेर आले तर वहिनीनं गॅस पेटवला होता. "तू हात लावायचा न्हाईस आज." मऊ भात, मेतकूट, तूप. थेपल्याचा डबा कुणी उघडला नाही.

कार्यक्रमात अजून दोन दिवस होते. कुणी चर्चासुद्धा केली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या दक्षिणेला लागल्या. साडेआठशे किलोमीटर. वाटेत रेडिओवर बातम्या: पर्थमध्ये तीन दिवसांचा लॉकडाऊन. भारतातून येणारी विमानं कमी करणार, तिकडे जायला परवानग्याही कमी देणार. हैदराबाद गाडी चालवत होती, तिनं रेडिओ बंद केला.

तरी मी अर्ज भरला. २५ तारखेला रात्री. त्यात मयताशी नातं काय असा प्रश्न होता. इंग्रजीत काकूला आंटी. मावशीलाही आंटी, आत्यालाही, समोरच्या भाजीवालीलाही. खाली कारण लिहायला थोडी जागा होती. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नवरा म्हणाला, आई म्हणून लिही, कोण तपासतंय. मी आंटीच लिहिलं. काकू म्हणून जी होती ती आईच्या बदल्यात नव्हती, आईच्या शिवाय होती.

२७ ला भारतातली विमानंच बंद झाली. मग १ मे च्या आसपास जाहीर झालं, की चौदा दिवसांत भारतात राहून आलेला माणूस, नागरिक असला तरी, ऑस्ट्रेलियात उतरला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ते १५ मे पर्यंतच टिकलं, कुणाला कैद झाली नाही. पण स्वतःच्या देशात परत येणं हा गुन्हा, हे वाक्य वर्तमानपत्रात वाचताना मला मरीच्या उंटवाल्यांचे पंजे आठवत होते. आमचं त्यांच्याइतकं वाईट झालं असं मी म्हणत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्यं काढली तशी. आमचं दोन वर्षांत सुटलं.

अर्जाचं उत्तर आलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. तेरावा झूमवर झाला. गुरुजी इंदूरला त्यांच्या घरी, दादा आमच्या घरी, मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून. टोळीतली सगळी एकेका चौकटीत होती, मी कुणाला लिंक दिली नव्हती, मुलानं दिली होती.

एप्रिल २०२२ मध्ये मी इंदूरला गेले. कुठलाही अर्ज नाही, परवानगी नाही, नुसतं तिकीट काढलं. दादानं विचारलं, तू तिला फोन केलास तेव्हा नक्की कुठं होतीस? मी कागदावर नकाशा काढून दाखवला, तलाव इथं, झरा इथं, रेल्वे अशी. तो म्हणाला, गाडीत ती सारखी म्हणत होती, तिच्याकडे राम जन्मला, आपल्याकडे अजून व्हायचाय. मला वाटलं भ्रम झालाय.

मी पर्समधून सॅटेलाइट फोनचं बिल काढलं. बडोदेकरानं पैसे घेतले नव्हते, बिल मात्र मी मागून घेतलं होतं. त्यात २१ एप्रिल, १२.५२, चार मिनिटं, असं छापलेलं होतं. दादानं चष्मा लावून ते वाचलं आणि काकूचे कागद ठेवायच्या बिस्किटाच्या डब्यात, तिच्या पेन्शनच्या पुस्तकाखाली ठेवून दिलं.